दगडासकट

चिटणीसकाका कुणाच्या घरी गेले की सगळ्यात आधी एखादी वस्तू उलटी करून बघतात. समोर चहा आला तर बशी, पाट मांडला तर पाट, काहीच हाताशी नसलं तर दारातलं पायपुसणं. बघतात, "हं" म्हणतात आणि जशी होती तशी परत ठेवतात. अगदी तशीच, कोपऱ्याला कोपरा लावून.

आम्ही त्यांच्या समोरच्या घरात राहायला आलो तेव्हा मला हे ठाऊक नव्हतं. ते विचारपूस करायला आले. मी पाणी दिलं, तर त्यांनी तांब्याखालची ताटली उचलून तिचा तळ पाहिला. मी लाजेनं मेले. दुसऱ्या दिवशी घरातल्या सगळ्या भांड्यांचे तळ चिंच लावून घासून काढले. माझे मिस्टर गोरव्याला एका कारखान्यात लेथवर आहेत. ते संध्याकाळी घरी आले आणि ओट्यावर सगळी भांडी पालथी बघून म्हणाले, दुकान मांडलंस का?

शेवटी चिटणीसकाकूंनीच मला समजावलं. "अगं शालू, ते घाण नाही बघत. खाली कोण राहतंय ते बघतात."

काका इथल्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत होते. त्यांचे पूर्वज संस्थानाच्या दफ्तरात मोठ्या हुद्द्यावर. दिवाणखान्यात पगडीवाल्या खापरपणजोबांचा फोटो आहे, पण तो भिंतीवर सरळ नाही, एका बाजूला कलंडलेला आहे. काकांनी एकदा तोही उलटा करून पाहिला तर मागे पालीची अंडी निघाली. अंड्यांना धक्का लागू नये म्हणून फोटो तसाच तिरपा टांगला. पाली केव्हाच मोठ्या होऊन निघून गेल्या. खापरपणजोबा अजून कलंडलेलेच आहेत, कारण काका म्हणतात, पुन्हा कोणी अंडी घालायला आलं तर?

"वरून सगळेच बरे दिसतात," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. भाजीवाल्याची टोपली, बँकेचं कॅलेंडर, लग्नातली खुर्ची, कशावरही ते चालतं. मेधाला, म्हणजे त्यांच्या मुलीला, बघायला पाहुणे आले होते तेव्हा मुलगा पाणी प्यायला उठला आणि काकांनी त्याची चप्पल उलटी केली. टाच सारखी झिजलेली होती. काका आत जाऊन काकूंना म्हणाले, "मुलगा सरळ चालतो." त्यावर लग्न ठरलं. जावई खरोखर चांगला निघाला, त्यामुळे कुणाला काही बोलता येत नाही.

पण हे सगळं नदीमुळे. आपल्या विश्वामित्रीमुळे.

काका रोज सकाळी कमाटीबागेपलीकडे पुलाखाली उतरतात. गुडघ्यापर्यंत गमबूट, हातात काकूंची मैद्याची चाळण, खिशात काकूंची चहाची गाळणी. काकू दर दिवाळीला नवी चाळण आणतात आणि ती फराळापर्यंत टिकत नाही. "आमच्या घरी करंज्या व्हायच्या की नाही ते नदी ठरवते," असं त्या सगळ्यांना सांगतात. काका खाली वाकतात, एकेक वीट उलटी करतात, खाली कोण आहे ते बघतात आणि वीट परत होती तशी ठेवतात. हे ते फार जपतात. म्हणतात, आपण बघून घेतो आणि निघून येतो, पण खाली राहणाऱ्याचं छप्पर उडालेलं असतं.

मला त्यांनी हे सगळं आमच्या दारातल्या ओटल्यावर उभं राहून शिकवलं आहे. उभं राहून, कारण काका बसत नाहीत. चहासुद्धा हातात बशी घेऊन येरझाऱ्या घालत पितात, आणि चहा संपतो तेव्हा ते कधी कधी दुसऱ्याच कुणाच्या दारात असतात. मी चार यत्ता शिकलेली. मी म्हटलं, मला काय कळणार? तर म्हणाले, "सहापर्यंत मोजता येतं ना? किड्याला तेवढेच पाय असतात."

तर ते असं आहे. पाण्याचा रंग बघून नदीची तब्येत कळत नाही. बाटलीत पाणी भरून तपासायला नेलं तर ती बाटली भरली त्या वेळेपुरतं सांगते. त्याआधी कुणी काय सोडलं, ते बाटलीला काय ठाऊक? ठाऊक असतं ते दगडाखालच्या किड्याला. तो तिथेच मुक्काम करून असतो. जे येईल ते त्याच्या अंगावरून जातं. सोसलं तर राहतो, नाही सोसलं तर मरतो. म्हणून काका पाण्याला काही विचारत नाहीत, किड्यांना विचारतात. तांबड्या अळ्याच अळ्या दिसल्या की नदी नापास, कारण ती अळी कशातही जगते. जळवा, शंख, पाणविंचू हे मधले. आणि सगळ्यात वर तो तीन शेपट्यांचा किडा. नखाएवढा असतो. पोटाच्या दोन्ही कडांना बारीक पानांसारखं काही असतं आणि ते सारखं थरथरत असतं. त्यानंच तो श्वास घेतो. त्याला स्वच्छ पाणी लागतं, गार लागतं आणि वाहतं लागतं. जरा कमी पडलं की राम म्हणतो. काकूंनी त्याचं नाव जावई ठेवलं आहे.

पुलाखाली हा जावई दिसला की नदी पास, असं काकांनी ठरवलेलं. ते नोकरीला लागले तेव्हा तो तिथे सापडायचा म्हणे. मी त्यांना ओळखते तेव्हापासून मात्र ते रोज तांबड्या अळ्या बघून येतात आणि गल्लीच्या तोंडाशीच सांगतात, "नापास." त्यांच्या तोंडून पास हा शब्द तसाही कमीच. त्यांचे विद्यार्थी आता आजोबा झालेत, तरी रस्त्यात काका दिसले की फूटपाथ बदलतात.

पुलावर नेहमी माणसं वाकून उभी असतात, पण ती मगर बघायला. काकांना मगरीचं मुळीच कौतुक नाही. एकदा ते खाली वीट उलटी करत होते आणि थोड्याच अंतरावर एक मगर ऊन खात पडलेली. वरची माणसं गुजरातीत ओरडायला लागली, काका, उपर आवो, मगर छे. काकांनी तोंडावर बोट ठेवून त्यांनाच गप्प केलं. वर आल्यावर मला म्हणाले, "मगरीवरून काही कळत नाही. ती तोंड वर काढून हवा घेते. पाण्याची चौकशीसुद्धा करत नाही. पुढाऱ्यासारखी."

पुढाऱ्यांचंही तेच. काठावर एके ठिकाणी कठड्याला रंग दिला, बाकं टाकली, दिवे लावले आणि उद्घाटनाला काकांना दोन शब्द बोलायला बोलावलं. काका आधी खाली उतरले आणि मग काकूंचा पांढरा ट्रे घेऊन थेट स्टेजवर. ट्रे हारतुऱ्यांच्या शेजारी ठेवला. त्यात तांबड्या अळ्या वळवळत होत्या. पाहुणे म्हणून आलेल्या मंत्र्यांनी विचारलं, आ शुं छे? काका शांतपणे म्हणाले, "इथली रहिवासी मंडळी. यांना बोलवायचं राहिलं होतं." भाषण तेवढंच झालं. परत कुणी बोलावलं नाही. तो ट्रे काकूंनी पुन्हा स्वयंपाकघरात घेतला नाही.

हे सगळं हसण्यावारी जात होतं. मग मेधाची बातमी आली.

मेधा पुण्याला असते. लग्नाला बरीच वर्षं झाली, पाळणा हलला नव्हता. दोनदा दिवस राहिले, पण मूल टिकलं नाही. आता तिसऱ्यांदा दिवस राहिले तर डॉक्टरांनी पलंगावरून उतरायचंच नाही असं सांगितलं. ती फोनवर आईला एकच म्हणायची, तू ये. आणि काकूंना जाता येत नव्हतं, कारण काका.

त्यांना एकटं ठेवण्यात अर्थ नव्हता. काकू एकदा पादरा गावी भाचीच्या लग्नाला गेल्या होत्या, तर काकांनी कुकर लावला आणि शिट्टी होईपर्यंत नदीवर जाऊन येतो म्हणून गेले. आमचे मिस्टर कुलूप तोडून आत शिरले तेव्हा घरात धूर आणि कुकर कोळशासारखा. म्हणजे जायचं तर दोघांनी. आणि काकांनी निवृत्त झाले तेव्हाच सगळ्यांना सांगून ठेवलेलं, "नदी पास झाली की मी मोकळा. मग कुठेही न्या."

मेधासाठीसुद्धा ते हलेनात. नाही म्हणाले नाहीत, नुसते जास्त चालायला लागले. सकाळी नदीवर, दुपारी नदीवर, पुन्हा ऊन उतरल्यावर नदीवर. मेधाचा फोन आला की बोलायचे, बेटा, आज बघतो हं, आणि गमबूट शोधायला लागायचे. मला वाटतं, त्यांना तो किडा खरोखरच सापडायला हवा होता. त्याशिवाय पाय कसा काढायचा ते त्यांना कळत नव्हतं. काकू एक दिवस माझ्या ओट्यापाशी भाजी निवडताना म्हणाल्या, "नदी काही माझ्या नातवंडासाठी थांबायची नाही गं." मग बराच वेळ मेथीच्या काड्या मोडत बसल्या. मग म्हणाल्या, "शालू, पावागडला येतेस?"

विश्वामित्री पावागडच्या डोंगरात उगम पावते. तिथे ती अजून लहान आहे आणि स्वच्छ आहे. काकांनी एकदा गल्लीतल्या सगळ्यांना तिथे सहलीला नेलं होतं, आणि प्रत्येकाला एकेक दगड उलटा करायला लावल्याशिवाय पुरीभाजी वाढू दिली नव्हती. त्यामुळे जागा आम्हाला माहीत होती. काकांना सांगितलं, मेधासाठी महाकालीला नवस बोलायला जातोय. ते खोटंही नव्हतं. आधी उडनखटोल्यानं, म्हणजे रोपवेनं, वर जाऊन आम्ही दर्शन घेतलं.

मग ओढ्यावर. काकूंचे गुडघे दुखतात म्हणून त्या काठावर खडकावर बसल्या आणि मी साडी खोचून पाण्यात उतरले. पाणी पायाला झोंबत होतं. दगड उलटा केला की ते जावई पटकन दुसऱ्या बाजूला पळत, नव्या सुनेनं सासऱ्याला बघून आत जावं तसे. एका काळ्या दगडाला तिघं चिकटलेले होते. मी बोटानं एकाला काढायला गेले, तर काकू काठावरून खेकसल्या.

"उपटू नकोस. त्याचे पाय तुटतात. दगडासकट घे."

हे काकांचंच वाक्य. सहलीला आम्ही ते दहा वेळा ऐकलं होतं. लाडवाचा स्टीलचा डबा आणलेला, त्यात तो दगड बरोबर बसला. वर ओढ्याचं पाणी घातलं आणि आणखी दोन बाटल्या भरून घेतल्या.

बसमध्ये थोडं अंतर गेल्यावर काकूंनी झाकण काढून पाहिलं. पोटाकडची ती पानं जोरजोरात हलत होती. काकूंच्या तोंडचं पाणी पळालं. "उभं पाणी झालं गं. याला वाहतं लागतं." माझ्याकडे दहीभाताचा चमचा होता. मी डबा मांडीवर घेतला आणि पाणी ढवळायला लागले. काकू म्हणाल्या, असं उलटसुलट नको, नदी काय मागे येते? एकाच दिशेनं ढवळ. मग तसं. माझा हात भरून आला की काकू, त्यांचा आला की मी. कंडक्टर दोनदा बघून गेला. तिसऱ्यांदा राहवलं नाही. "माजी, चा ठंडी थई जशे."

"चा नथी, भाई," काकू न बघता म्हणाल्या. "जमाई छे."

तो पुन्हा आमच्याकडे आला नाही.

डबा आमच्या घरी ठेवला. मिस्टर आले, त्यांना सगळं सांगितलं. मला वाटलं रागावतील. ते हातपाय धुऊन आले आणि चमचा माझ्या हातातून घेतला. लेथवर काम केलेला हात. त्या रात्री घरात चमच्याचा आवाज एका लयीत चालू होता, एवढंच सांगते.

उजाडताना मीच पुलाखाली उतरले. वर मिस्टर मगरीवर नजर ठेवून उभे. काका जिथून सुरुवात करतात त्या जागी, मोडक्या विटांच्या मधे, मी तो दगड ठेवला आणि देवाचं नाव घेत वर पळाले. मिस्टर कामावर गेले. मी पुलावरच थांबले. काकू काठी टेकत आल्या आणि माझ्याशेजारी कठड्याला धरून उभ्या राहिल्या. एरवी त्या नदीवर येत नाहीत. काकांनी विचारलं असतं तर दुधाला आले म्हणून सांगणार होत्या. पिशवी आणली होती, बरणी विसरल्या होत्या.

काका आले. गमबूट, चाळण. पहिली वीट उलटी केली, परत ठेवली. दुसरी केली, ठेवली. मग त्या काळ्या दगडापाशी आले आणि थांबले. उलटा केला नाही. उकिडवे बसले आणि नुसते त्याच्याकडे बघत राहिले. काकूंनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली.

मग त्यांनी दगड उलटा केला. चष्मा कपाळावर चढवून अगदी डोळ्यांजवळ नेला. खाली ठेवला, होता तसाच. आणि मान वर करून पुलाकडे पाहिलं. आम्ही तिथे आहोत याचं त्यांना नवल वाटलेलं दिसलं नाही.

"नलिनी," ते खालून म्हणाले, "आहे."

काकू कठड्यावरून खाली वाकल्या. मग म्हणाल्या, "मग काय? पास?"

काकांनी हात पाण्यात धुतले. बराच वेळ धुतले. ज्या माणसानं मंत्र्यासमोर अळ्या नेऊन ठेवल्या, पोटच्या मुलीला शाळेच्या प्रयोगवहीत अर्धा मार्क जास्त मिळाला म्हणून मास्तरांकडे तक्रार केली, त्याला ते दोन अक्षरांचं उत्तर द्यायला एवढा वेळ का लागतोय, ते मला तेव्हा कळलं नाही.

"पास," ते म्हणाले.

काकू तिथेच फुटपाथवर बसल्या आणि मेधाला फोन लावला. जातायेता लोक बघत होते. त्यांना वाटलं, या बाईनं मगर पाहिली.

दुपारी मी भांडी आवरत होते तेव्हा काका दारात आले. हातात त्यांचा स्वतःचा डबा, झाकण उघडं. मी पाट मांडला. त्यांनी तो उलटा केला नाही. तेव्हाच मी समजले.

"शालू," त्यांनी हळूच विचारलं, "उभ्या पाण्यात हा प्राणी पावागडहून इथवर जिवंत येत नाही. ढवळत आणला असणार. कशानं?"

 मी फळीवरच्या चमच्याकडे बोट दाखवलं.

"दे."

मी चमचा दिला. मग कुठून धीर आला कोण जाणे, विचारलं, तुम्हाला कसं कळलं?

त्यांनी डबा माझ्यापुढे धरला. तोच काळा दगड. "पुलाखाली दगड नाहीत, शालू. विटा आहेत." आणि म्हणाले, "जन्मभर मुलांना सांगत आलो, उपटू नका, दगडासकट आणा. सगळ्यांनी चिमट्यानं उपटून आणले. सांगितलं तसं आणणारी नलिनीच पहिली."

मी म्हटलं, मग नदी पास नाही?

"नदी नापासच आहे," काका म्हणाले. "पास मी म्हणालो. काकूला सांगू नकोस."

समोर काकूंच्या घरातून बॅगा ओढल्याचा आवाज येत होता. त्यांनीही मला सकाळी हेच सांगितलं होतं, की यांना सांगू नकोस हं. मी तशीही कुणाला काही सांगत नाही.

"परवा निघतोय आम्ही," काका म्हणाले. "या तिघांना आधी घरी सोडून येतो. दुसऱ्याच्या पाण्यात यांना जमायचं नाही."

हे बोलून ते उगाच दारात उभे राहिले. चालायला लागले नाहीत, येरझारा नाही, काही नाही. पहिल्यांदाच मी त्यांना असं एका जागी उभं पाहिलं. मग त्यांनी रिक्षाला हात केला, डेपोवर चल म्हणाले, आत बसले आणि डबा मांडीवर घेतला.

रिक्षा कोपऱ्यावर वळेपर्यंत मला त्यांचा हात दिसत होता. गोल फिरत होता, सावकाश, एकाच दिशेनं.